पीराजी सरांचं नाव

पीराजी सर नव्या माणसाला गाव विचारत नसत, आडनावावरून जात काढणं तर त्यांना ठाऊकच नव्हतं. ते पहिला प्रश्न विचारत, "नाव कुणी ठेवलं?"

नांदेडच्या आमच्या शाळेत मी मराठी शिकवायला रुजू झाले, त्या दिवशी मलाही त्यांनी तेच विचारलं. उंच, सावळा माणूस, पांढऱ्या सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, बोटांना खडू. मी सांगितलं, माझं नाव संजीवनी, रामायणातल्या वनस्पतीवरून ठेवलंय. "ते झालं पुस्तकातलं," सर म्हणाले. "ठेवलं कुणी? आणि त्याच दिवशी का सुचलं?"

मला सांगता येईना. घरी जाऊन आईला विचारलं, तर ती तोंडाला पदर लावून हसायला लागली. माझ्या जन्माच्या दिवशी वडील दवाखान्यासमोरच्या रसवंतीवर ताटकळत बसले होते. मुलगी झाल्याचा निरोप आला तेव्हा त्यांच्या हातात उसाच्या रसाचा ग्लास होता आणि डोक्यावर पाटी होती, संजीवनी रसवंती गृह. दुसऱ्या दिवशी मी हे सरांना सांगितलं. सर इतके खूश झाले की मधल्या सुट्टीत त्यांनी सगळ्या शिक्षकांसाठी रस मागवला. "हे खरं नाव," म्हणाले. "आता हे नाव तुमचं झालं, बाई."

ते गणित शिकवत, पण हजेरी नंबरांनी घेत नसत. प्रत्येकाचं पूर्ण नाव घेत, बापाच्या नावासकट. त्यात तासाचा बराच वेळ जाई. मुख्याध्यापकांनी एकदा टोकलं, तर म्हणाले, "नंबर एस्टीला असतो, सर." वर्षाच्या पहिल्या दिवशी पाचवीच्या पोरांना त्यांचा गृहपाठ ठरलेला: आपलं नाव कुणी ठेवलं, का ठेवलं, घरी विचारून या. दुसऱ्या दिवशी वर्गातून हसण्याचे आवाज येत. कुणाचं नाव मालिकेतल्या नायकावरून, कुणाचं आजोबांच्या आवडत्या बैलावरून. सलग चार बहिणी झाल्यावर जन्मलेल्या एका पोरीचं नाव तृप्ती होतं. ती उभी राहून म्हणाली, "आता बास झालं म्हणून." सर हसले नाहीत. म्हणाले, "तृप्ती म्हणजे पोट भरलं. तू आलीस आणि घराचं पोट भरलं. असं सांगत जा." ती पोरगी पुढे वर्षभर गणितात पहिली येत राहिली, हे मी सरांचं श्रेय मानत नाही, पण सर मानत.

एका वर्षी पाचवीत अचल नावाचा मुलगा होता. किल्लारीकडचा. भूकंपाला दहा-बारा वर्षं झाली होती. त्याला सरांनी उभं केलं. तो म्हणाला, "आजीनं ठेवलं. आमचं घर पडलं, त्याच्यानंतर मी पत्र्याच्या शेडमधी झालो. आजी म्हणली, हे तरी हलू नये." सरांनी पुढच्या मुलाचं नाव घेतलं नाही. फळ्याकडे तोंड करून ते बराच वेळ फळा पुसत राहिले. फळा कोराच होता.

बारशाच्या आधी लोक त्यांच्याकडे नाव विचारायला येत. सहकारी, पालक, गल्लीतले दुकानदार. सरांची एकच अट असे. नाव शेताच्या ह्या बांधावरून त्या बांधावर ऐकू गेलं पाहिजे. आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या तरुण सरांनी मुलाचं नाव ऋद्धांश ठरवलं होतं. पीराजी सर शिक्षक-खोलीच्या खिडकीशी गेले आणि मैदानाकडे तोंड करून त्यांनी हाक मारली, "ऋद्धांश." मग पुन्हा एकदा, पोटातून. मैदानावरची पोरं थांबून बघायला लागली. सर वळून म्हणाले, "बघा. तोंडातच अडकून राहिलं. पोरगं विहिरीकडं पळायलंय आणि तुम्ही अजून जोडाक्षरातच." विज्ञानाच्या सरांनी मुलाचं नाव शेवटी ओम ठेवलं. त्यावर पीराजी सरांचं म्हणणं पडलं की हे जरा जास्तच झालं.

स्वतःच्या नावाची गोष्ट ते कुणालाही सांगत. विचारावी लागत नसे. त्यांचं गाव जळकोटजवळ. बिरादारांचं शेतकरी घर. आईची आधीची मुलं जगली नव्हती. कुणीतरी सांगितलं म्हणून ती शेजारच्या गावच्या पिराला अनवाणी चालत गेली आणि नवस बोलली, पोरगं जगलं तर तुझं नाव ठेवीन. पोरगं जगलं. दर मोहरमला आई त्याच्या गळ्यात हिरवा दोरा घालून त्याला फकीर करी, आणि हा बिरादारांचा एकुलता एक वारस पाच घरी जाऊन भीक मागून आणी. त्या पिठागुळाचा मलिदा होई. "माझ्यासारखे आमच्या भागात गावोगाव होते," सर सांगत. "एका वर्गात आम्ही दोन-दोन पीराजी असायचो."

नांदेडला ते पहिल्यांदा खोली शोधायला आले, तेव्हा घरमालक नाव ऐकून घुटमळला होता. सरांनी ही गोष्ट सांगितली. म्हाताऱ्यानं चहा पाजला आणि खोली दिली. पुढे कित्येक वर्षं हे असंच चाले. कुणी घुटमळलं की सर गोष्ट सांगत, आणि ऐकणारा आपल्याही आजीच्या नवसाची गोष्ट काढी.

मग हळूहळू लोक गोष्ट पुरी ऐकेनासे झाले. कधीपासून, ते मला नेमकं सांगता येणार नाही. एका पालकसभेत एक गृहस्थ मधेच म्हणाले, "ते ठीक आहे सर, पण आता तुम्ही शिकलेले आहात, बदलून घ्यायचं ना." सभा झाल्यावर सर मला म्हणाले, "बाई, त्यांना वाटलं माझ्या नावात शुद्धलेखनाची चूक आहे." हसून म्हणाले, पण त्या दिवशी डबा न उघडताच घरी नेला.

निवृत्तीनंतर वर्षभरानं त्यांना नातू झाला. मुलगा महेश पुण्यात संगणक कंपनीत, सून केतकी लातूरची. बारसं लातूरला सुनेच्या माहेरी होतं. सर आणि त्यांच्या पत्नी सुमनताई आमच्याच गाडीतून आले. मी, माझे यजमान आणि ते दोघं. सुमनताईंनी बाळासाठी झबली शिवली होती, ती मांडीवरच्या पिशवीत होती, आणि अहमदपूर येईपर्यंत त्यांनी ती दोनदा उघडून मला दाखवली. सर पुढच्या सीटवर होते. त्यांना बाळाचं नाव अजून कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी विचारलंही नव्हतं. "आत्याच्या तोंडूनच ऐकू," म्हणत होते.

मंगल कार्यालयाच्या दाराशी मोठा फ्लेक्स होता. फुगे, ढग, बाळाचा फोटो, खाली स्वागतोत्सुकांची नावं. सर तिथे थांबले आणि चष्मा पुसून वाचायला लागले. मीही वाचलं. आजोबा : श्री. प्रकाशराव बिरादार, निवृत्त मुख्याध्यापक.

सर मुख्याध्यापक कधीच नव्हते.

"हे गृहस्थ कोण?" त्यांनी सुमनताईंना विचारलं. सुमनताई झबल्यांची पिशवी चाचपायला लागल्या, त्यावरून मला कळलं की त्यांना आधीपासून माहीत होतं. सर फ्लेक्सकडे बघतच म्हणाले, "नाव बदललं ते बदललं, बढतीबी दिली."

आत पाळणा सजला होता. बायका पाळणा म्हणत होत्या, घुगऱ्यांची ताटं फिरत होती. चुलत आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगितलं, रियांश. टाळ्या झाल्या. व्याही मंडळींनी सरांची ओळख "आमचे प्रकाशराव" अशी करून दिली. सर प्रत्येकाला नमस्कार करत होते. बाळ त्यांच्या हातात दिलं, तेव्हा त्यांनी वाकून त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि सुमनताईंकडे दिलं. मी वाट बघत होते की आता ते कुणाला तरी विचारतील, नाव कुणी सुचवलं. त्यांनी विचारलं नाही.

जेवणानंतर कार्यालयाच्या मागच्या बाजूला, जिथे आचाऱ्यांची भांडी घासायला काढली होती, तिथे सुमनताई आणि मी सावलीला बसलो होतो. सर आणि महेश तिथेच आले. आम्ही उठायला लागलो, तर सर म्हणाले, "बसा. तुमच्यापासून लपवायचं काय." मग महेशला म्हणाले, "मला लाज वाटत न्हाई माझ्या नावाची. तुला वाटती का?"

महेश शांत स्वभावाचा मुलगा. मी त्याला शाळेत शिकवलेलं. तो म्हणाला, "लाज नाही, बाबा. मी थकलोय."

सरांनी विचारलं, "कशानं?"

"मी अकरावी-बारावीला इथंच लातूरला होतो. खोलीवर आम्ही चौघं. मला पीरबाबा म्हणायचे. गणपतीत आरतीचं ताट माझ्यापुढून पुढं न्यायचे. ह्याला नको, ह्याचा दर्गा वेगळाय, म्हणायचे. गंमत म्हणून. दोन वर्षं रोज तीच गंमत."

"मला बोलला न्हाईस."

"त्यांना कुणी सांगितलं, बाबा? तुम्ही. दर रविवारी डबा घेऊन यायचात. माझ्या दोस्तांना एकेकाच्या नावाची गोष्ट विचारायचात आणि मग हसत हसत तुमची सांगायचात. तुम्ही गेलात की ते सुरू करायचे."

सुमनताईंनी मान खाली घातली. महेश पुढं म्हणाला, "पुण्यात घर बघायला गेलो की केतकी मला पूर्ण नाव सांगू देत नाही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये एकानं मला सगळ्यांसमोर विचारलं, तुमच्या वडिलांनी धर्म बदलला होता का. मी तुमची गोष्ट सांगायला लागलो तर तो मोबाईल बघत बसला. आता पोराच्या कागदांवर माझं नाव येणार आणि माझ्या नावात तुमचं. तुम्ही शाळेतल्या प्रत्येक पोराला त्याच्या नावाबद्दल विचारलंत. तुमचं नाव लावून मला कसं वाटतं, ते कधी विचारलंत?"

महेश जायला वळला. मग परत येऊन त्यानं वडिलांच्या सदऱ्याला लागलेला हळदीचा डाग रुमालानं पुसला आणि गेला.

परतताना सर म्हणाले, "जरा वाकडी वाट करू या का? जळकोटकडून." माझ्या यजमानांनी गाडी उदगीरच्या रस्त्याला घेतली.

आई ज्या पिराला नवस बोलली त्याचा दर्गा गावाबाहेर, एका चिंचेखाली. चुन्यानं रंगवलेला ओटा, हिरवी चादर, बाजूला पत्र्याची खोली. तिथं इस्माईलभाई राहत. त्यांच्या घराकडे पिढ्यान्‌पिढ्या दर्ग्याची झाडलोट आणि ऊद-दिवा. सरांच्या लहानपणचे दोस्त. त्यांनी खाट बाहेर काढली.

"पीरू, कवा आलास? भाभीला बी आणलास. बैठो, बैठो."

सरांनी त्यांना सगळं सांगितलं. फ्लेक्स, खोलीवरची पोरं, सोसायटीतला माणूस. काही लपवलं नाही, महेशची बाजूही पुरी सांगितली. इस्माईलभाई ऐकत राहिले. मग म्हणाले, "माझा नातू हैदराबादेत हाय. आयान. सून म्हणती, अब्बा, हे नाव दोन्हीकडं चालतं. शाळेत नुसतं आयान सांगतो. फुडचं कुणी विचारल्याबिगर सांगत न्हाई." पुढं म्हणाले, "माझ्या बापानं माझ्या भावाचं नाव गुलाब ठिवलं होतं. तुमच्याकडं बी गुलाब, आमच्याकडं बी गुलाब. तवा कुणी म्हणलं न्हाई दोन्हीकडं चालतं म्हणून. नुसतं नाव होतं."

"मी काय करू, इस्माईल?"

"बदल."

सुमनताईंनी वर पाहिलं.

"बदल की. पीर काय नाराज होत न्हाई. त्याला लोक कायबी म्हणतेत."

"पिराचं न्हाई रं," सर म्हणाले. "आईचं."

इस्माईलभाईंनी चिंचेच्या बुंध्याकडे बघत सावकाश उत्तर दिलं. "तुझ्या मायनं पोरासाठी नाव मागून घेतलं, पीरू. नावासाठी पोरगं न्हाई मागितलं."

सर उठून ओट्याकडे गेले. तिथं पाठमोरे उभे राहिले. सुमनताई आणि मी चहा पीत बसलो. चहा फार गोड होता. इस्माईलभाई माझ्या यजमानांशी तूर कशी आहे त्याबद्दल बोलत राहिले. निघताना त्यांनी बाळासाठी म्हणून खडीसाखरेची पुडी सुमनताईंच्या हातात दिली.

त्यानंतर काही महिने काहीच झालं नाही. महेशचे फोन कमी झाले. दिवाळीला तो नांदेडला आला नाही, केतकीची तब्येत बरी नाही म्हणाला. संक्रांतीलाही आला नाही. एकदा मी त्यांच्या घरी गेले तर सुमनताई मोबाईलवर बाळाचा व्हिडिओ बघत होत्या. बाळ पालथं पडायला लागलं होतं. त्या तो संपला की पुन्हा लावत. सर शेजारी बसून वर्तमानपत्र वाचत होते, आणि व्हिडिओतल्या बाळाचा आवाज आला की पान उलटायचे थांबत.

मी त्यांना विचारलं नाही. सुमनताईच मला दाराशी सोडायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "मी त्यांना काही म्हणत न्हाई, बाई. त्यांच्या आईचं हाय ते. पण मला नातवाला घ्यावं वाटतंय हो."

उन्हाळ्यात सरांनी नाव बदललं, फ्लेक्सवरचंच घेतलं. वकिलाकडे प्रतिज्ञापत्र केलं, राजपत्रात आलं, बँकेत आणि पेन्शनच्या कचेरीत खेटे घातले. ज्या माणसाला कुणी घुटमळलं की गोष्ट सांगायची सवय होती, तो आता टेबलामागच्या कारकुनाला नुसतं म्हणत होता, "वैयक्तिक कारण." हे मला माझ्या यजमानांनी सांगितलं, ते एका खेपेला त्यांच्यासोबत होते. कारकून आमच्याच शाळेचा विद्यार्थी निघाला. "सर, तुम्ही? तुम्ही कामून बदलायलाव?" त्यानं विचारलं. सर म्हणाले, "सही कुठं करू ते सांग."

त्या जूनमध्ये महेश, केतकी आणि बाळ नांदेडला आले आणि चांगले पंधरवडाभर राहिले. मी भेटायला गेले, तेव्हा घर भरलेलं होतं. रियांश धरून धरून उभा राहत होता. महेश बापाच्या पायांना तेल चोळत होता, माझ्यासमोर, संकोच न करता. दोघं क्रिकेटवर बोलत होते. सुमनताई मधूनच हसत होत्या. सर बाळाला "ए पिल्ल्या" म्हणत, "राजा" म्हणत, "वाघ" म्हणत. त्याचं नाव घेताना मी त्यांना ऐकलं नाही. त्याच्यामागे राग होता असं मला वाटत नाही. एवढंच की नावानं मोठी हाक मारून बघायची ती सवय सुटली होती. पाठीवर पाखरू बसलंय की नाही हे बघायला बैल जशी मान वळवतो, तसे ते कधी कधी उगाच मागे वळून बघत.

गल्लीतली माणसं त्यांना सरच म्हणत, त्यामुळे रोजच्या जगण्यात फार फरक पडला नाही. दारावरची जुनी पाटी महेशनं काढली. नवी लावायची राहून गेली, ती राहूनच गेली. पुढे माझ्या भाचीला मुलगी झाली, तेव्हा मी नाव विचारायला सरांना फोन केला. पूर्वी असा फोन गेला की ते बाळाच्या आजीचं गाव, जन्माचा वार, त्या दिवशी घरात काय शिजलं होतं, असलं सगळं विचारत. या वेळी म्हणाले, "मोबाईलवर आजकाल चांगली नावं असतात, बाई. अर्थासकट." मग त्यांनीच विचारलं, "तब्येत बरी आहे ना बाळंतिणीची?" मी हो म्हणाले. मुलीचं नाव शेवटी अन्वी ठेवलं. त्याच आठवड्यात आमच्या गल्लीत आणखी एक अन्वी झाली.

मग त्यांना ऐकू थोडं कमी यायला लागलं, साखर वाढली, बाहेर पडणं कमी झालं. मीही निवृत्त झाले. भेटी लांबल्या.

मागच्या पावसाळ्यात मी डोळे तपासायला दवाखान्यात गेले होते. बाहेरच्या बाकांवर गर्दी होती, खेड्यांतून आलेली माणसं, काखेत एक्स-रेच्या पिशव्या. समोरच्या रांगेत भिंतीला टेकून सर बसलेले दिसले. वाळले होते. सदऱ्याच्या बाह्या खाली सोडलेल्या, मनगटावर बटणं लावलेली. सुमनताई औषधांच्या खिडकीशी उभ्या होत्या. मी उठून जावं म्हणत होते, तेवढ्यात परिचारिका दाराशी येऊन ओरडली, "प्रकाश बिरादार."

कुणी उठलं नाही.

"प्रकाश बिरादार. आलेत का?"

सरांनीही मान वर करून इकडेतिकडे पाहिलं. रांगेत कोण उठतंय ते बघत राहिले. मग शेजारी पेंगत असलेल्या पागोटंवाल्या म्हाताऱ्याच्या खांद्याला हात लावून त्यांनी हळूच विचारलं, "पाव्हणं, तुम्हाला बोलवायलेत का बघा."

म्हाताऱ्यानं नाही म्हणून मान हलवली. परिचारिकेनं तिसऱ्यांदा नाव घेतलं आणि पुढच्या रुग्णाला आत बोलावलं. सर पुन्हा भिंतीला टेकले, आणि आपला नंबर यायची वाट बघत बसून राहिले.